फक्कीची रेघ

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकही अर्ज कच्चा लिहिला नाही, आणि त्यातल्याच एका पक्क्या अर्जापायी आमचं स्वयंपाकघर तलावाच्या हद्दीत जायची वेळ आली होती. आता सगळं निस्तरलं आहे म्हणून मी हे हसत सांगते आहे. मार्च महिन्यात माझ्यासमोर कोणी हसून दाखवलं असतं, तर हातातला पोळ्या उलटायचा सराटा फेकून मारला असता.

आमचे हे म्हणजे नीळकंठराव, निवृत्त अव्वल कारकून. मी शरयू. लिहिताना मी 'मला' लिहिते, बोलताना 'मले' म्हणते. आमचा शंतनु पुण्यात असतो. तो म्हणतो, "आई, इथे चार लोकांत जरा नीट बोल." मी म्हणते, "चार लोकांनी कान नीट करावे." चौतीस वर्षांच्या नोकरीत ह्यांच्या बदल्यांमागे मी अकरा भाड्याची घरं केली. संग्रामपूरला तर चूल आणि मोरी यांच्यामध्ये फक्त एक साडीचा पडदा होता. दर बदलीला डबे बांधताना मी एकच मागत आले, की भिंतीत खिळा ठोकायला कोणाला विचारावं लागणार नाही असं एक घर करा. ते घर झालं डोणगावपासून चार किलोमीटरवर, तलावाच्या काठी. ले-आउटमधला अगदी टोकाचा प्लॉट. स्वयंपाकघर मी मुद्दाम मागच्या अंगाला काढायला लावलं. ओट्याशी उभी राहिले की समोर पाणीच पाणी. पहिल्या दिवशी चहा ठेवला तो उतू गेला तरी मला कळलं नाही.

ले-आउटचं नाव सरोवर नगर. तिकडे लोणारला सरोवर आहे, मग आपल्या तळ्याने काय घोडं मारलंय, असं कोणीतरी म्हणालं आणि नाव पडलं. खरं तर हा बहात्तरच्या दुष्काळात रोजंदारीच्या लोकांनी खोदलेला तलाव. गावातले लोक आम्हाला सरळ 'तलावावरचे' म्हणतात. घरं एकोणीस, माणसं बहुतेक निवृत्त, मास्तर आणि कारकूनच जास्त. सहा वर्षांपूर्वी आम्ही रहिवासी मंडळ काढलं. नगरपालिका नाही, ग्रामपंचायत दूर, तेव्हा आपलं आपणच बघायचं. सभासदत्व ऐच्छिक. ज्याला वाटेल त्याने यावं, नसेल वाटत त्याच्यावर रुसायचं नाही. काठावर कचरा टाकायचा नाही, ले-आउटमध्ये गुरं बांधायची नाहीत, आणि रविवारी सकाळी मिळून तलावाची पाळ झाडायची, एवढेच काय ते नियम. अध्यक्ष मोतीराम गुरुजी, रिटायर्ड हेडमास्तर. सचिव अर्थातच आमचे हे.

मंडळात न आलेल्यांमध्ये एक होते शेषराव. खरं तर ही सगळी जमीन त्यांचीच. ती ले-आउटवाल्याला विकून त्यांनी नाल्याच्या पलीकडे आपलं घर आणि गोठा तेवढा ठेवला. वावर राहिलं दोन किलोमीटरवर, तिथे पाणी नाही. तलावाचं पाणी एका ठिकाणी बोटासारखं आत शिरतं, त्याला येऊन मिळणारा हा नाला. अलीकडच्या काठावर आमचं घर, पलीकडच्या काठावर त्यांचा गोठा. दोन बैल, तीन म्हशी. ह्यांनी त्यांना मंडळात यायचा आग्रह केला तेव्हा शेषराव म्हणाले, "ऐच्छिक म्हंजे मनाचं ना, भाऊसाहेब? मंग माहं मन नाही." ह्यांना ते फार लागलं. नकार लागला असं नव्हे, कारण नियमाप्रमाणे नकार द्यायची मुभा होती. पण माणसाने नकारसुद्धा जरा गंभीरपणे द्यावा, असं ह्यांचं म्हणणं.

गोठ्याचा वास यायचा, माशा यायच्या, शेणामुताचं पाणी तलावात उतरायचं. मंडळाच्या बैठकीत दर महिन्याला तोच विषय. कोणी म्हणालं, सरळ तक्रार करा. आमचे हे म्हणाले, "नाव घालून तक्रार करणं सभ्यपणाचं नाही. आपण फक्त तलावाची हद्द मोजून मागू. गोठा हद्दीत असेल तर खातं बघून घेईल. आपण कोणाचं नाव घेतलंच नाही." गुरुजींनी मान डोलावली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. हा डोकेबाजपणा फक्त कचेरीत केस पांढरे झालेल्या माणसालाच सुचतो. विषय: तलावाच्या संपादित क्षेत्राची हद्द कायम करून मिळणेबाबत. हे वाक्य ह्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मी भजी तळत होते. मी म्हटलं, छान आहे.

ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांना 'आपला अर्ज विचाराधीन आहे' एवढंच कळवलं, त्याच्या अर्जाला एकविसाव्या दिवशी उत्तर आलं. मोजणीला माणसं येत आहेत, कृपया हजर राहावे.

मोजणीदार आला तो हर्षल नावाचा तरुण मुलगा, टोपी घातलेला, बोलायला गोड. सोबत दोन मदतनीस, तिपाईवरचं मशीन आणि पांढऱ्या फक्कीचं पोतं. मैदानावर कबड्डीच्या रेघा मारतात ना, ती फक्की. मंडळ सगळं हजर होतं. मी चहा केला. हे शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून हर्षलच्या पुढे पुढे. तलाव झाला तेव्हा खात्याने काठाने नंबर घातलेले हद्दीचे दगड रोवले होते म्हणे. हर्षल म्हणाला, "काका, बाकीचे दगड गाळात गेले. पाळेजवळचा एक दिसतो, अन् हा इथला एकोणीस नंबर." एकोणीस नंबरचा दगड नाल्याच्या आमच्या काठावर बेशरमाच्या झाडीत निघाला. तो बघून ह्यांना कोण आनंद! म्हणाले, "बघा, पुरावा जागेवर आहे."

त्या दगडावरून हर्षलने नकाशा बसवला आणि मदतनीस फक्की सोडत निघाले. रेघ लिंबाच्या झाडाजवळून आली, आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरून चढून आत उतरली, माझ्या तुळशीला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराशी आली. मदतनीस दारात थांबला. म्हणाला, "काकू, आत मारू का?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "आत काय मारतो बे? आत माह्यं दूध तापून राह्यलं."

हर्षल खाली मान घालून म्हणाला की रेघ घरातून जाते. गॅस आणि मोरी यांच्या मधून. देवघर, मोरी आणि मागची बोअर तलावाच्या जागेत, गॅस आमचा. मी दाराची चौकट धरली. ह्यांनी हर्षलच्या हातातला नकाशा घेतला, उलटा धरला, मग सुलटा धरला. पलीकडे रेघ गोठ्याच्या खालून, पाण्याच्या अंगाने गेली. नकाशा आमच्याकडे जितका आत घुसला, तितका तिकडून मागे हटला. ज्या गोठ्यासाठी हा सगळा खटाटोप, तो हद्दीबाहेर, चांगला तीस फूट लांब. शेषराव खांद्यावर दुपट्टा टाकून गोठ्याच्या दारात उभे होते.

"मी काही पाडायले नाही आलो, काकू," हर्षल म्हणाला. "पंधरा दिवसांत हरकत द्या. मी पुन्हा येऊन पाहीन. पण दगड तुमच्याच बाजूले निघाला, त्याले मी काय करू?" चहाचे कप घेऊन उभी असलेली मंडळी एकेक करून कप ओट्यावर ठेवून निघून गेली.

त्या दिवसापासून मला मंडळ या शब्दाचा अर्थ कळला. ह्यांनी तातडीची बैठक बोलावली, तर सतरा सभासदांपैकी तीन आले. कोणाच्या मुलीकडे बारसं निघालं, कोणाचा गुडघा. त्यांना भीती अशी, की जास्त आवाज केला तर मोजणी पुढे सरकेल आणि रेघ त्यांच्या घरात शिरेल. मोतीराम गुरुजी म्हणाले, "नीळकंठराव, वाईट वाटतं, पण हा सभासदाचा वैयक्तिक प्रश्न आहे. मंडळ ऐच्छिक आहे. कोणाला भाग पाडता येत नाही." दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून चौघे बाहेर पडले. आमचे हे चष्मा लावून ती चार नावं पुन्हा पुन्हा वाचत बसले.

शंतनुचा फोन आला. म्हणाला, "आई, सोडा ते. पुण्याला या." मी म्हटलं, "मी तेरावं घर करणार नाही. रेघेवर झोपीन, पण इथून हलणार नाही." फोन ठेवला आणि मग मोरीशी उभी राहून रडले. फक्कीची रेघ मी तीनदा पुसली. पुसली तरी ती कुठून जाते ते माझ्या पायांना पाठ झालं होतं. पोळ्या लाटताना मी नकळत गॅसच्या बाजूलाच उभी राहायचे. ह्यांचं तर जेवणच सुटलं. दिवसभर हरकतीचा मसुदा लिहायचे आणि संध्याकाळी फाडायचे. त्यांच्यावर ओरडायचं माझ्या जिभेवर यायचं, पण त्यांचं तोंड बघितलं की शब्द परत जायचा.

तिसऱ्या दिवशी पुष्पाबाई आल्या, शेषरावांची बायको. नाला ओलांडून, टोपल्यात भाकरी, पिठलं आणि ठेचा घेऊन. म्हणाल्या, "वहिनी, दोन दिस झाले, तुमच्या घरातून कुकरची शिट्टी नाही वाजली. मले चैन पडंना." त्या ओट्याशी बसल्या, ह्यांना वाढलं, मला वाढलं. चौथ्या दिवशी पुन्हा आल्या. पाचव्या दिवशीही. मंडळातलं कोणी दाराशी फिरकत नव्हतं, आणि जिच्या गोठ्यावर आम्ही टपलो होतो ती बाई रोज दुपारी आमच्यासाठी भाकऱ्या थापून आणत होती. सहाव्या दिवशी मी उचललेला घास ताटात परत ठेवला. मी ह्यांना म्हटलं, "मी सांगून टाकते." हे म्हणाले, "अर्जात त्यांचं नाव नाही, शरयू." मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

चपला घातल्या आणि नाल्यात उतरले. नाला कोरडाच होता. पलीकडे पुष्पाबाई शेण भरत होत्या, शेषराव गव्हाणीत कुटार टाकत होते.

"पुष्पाबाई, उद्यापासून भाकरी नका आणू."

"काऊन वं वहिनी? पिठलं खारट झालं काय?"

"पिठलं चांगलं होतं. आम्हीच चांगले नाही. हा अर्ज तुमच्या गोठ्यासाठी होता. तुमचा गोठा उठावा म्हणूनच आमच्या ह्यांनी हद्द मोजाले लावली. मले सगळं मालूम होतं. मी भजे तळून राह्यली होती, अन् छान हाये म्हनलं."

पुष्पाबाईंनी हातातलं टोपलं खाली ठेवलं. मला वाटलं, आता ही बाई मला शेणाच्या हातानेच ओढून बाहेर काढणार, आणि काढलं असतं तरी माझी काही तक्रार नव्हती. शेषराव गव्हाणीकडे तोंड करूनच म्हणाले, "मले मालूम होतं."

"तुम्हाले कोणी सांगतलं?"

"कोनी नाही. मोजनीच्या दिवशी सारे मशीनकडं पाहून राह्यले होते. भाऊसाहेब एकटेच माह्या गोठ्याकडं."

पुष्पाबाई नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आता तं बोला." शेषराव एकदम खेकसले, "तू गप!" आणि म्हशी सोडून निघून गेले. एवढ्या उन्हात म्हशी घेऊन कुठे गेले, कळलं नाही. मी घरी आले. माफी मिळाली की नाही, काही समजलं नाही, पण छातीवरची निम्मी धोंड उतरल्यासारखी वाटली. संध्याकाळी मी कुकर लावला.

तेराव्या दिवशी हर्षल हरकत ऐकायला आला. ह्यांनी अकरा पानांचं निवेदन आमच्या अंगणात उभ्याने वाचून दाखवलं. मंडळातले तिघेचौघे लिंबाखाली उभे होते, न आल्यासारखे. हर्षलने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, कागद लई चांगला आहे. पण कागदावरून मले दगड हलवता येत नाही."

"तो दगड तिथला नाही, साहेब."

मागून आवाज आला. शेषराव होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, लग्नाला निघाल्यासारखे, आणि खांद्यावर टिकास आणि सब्बल.

"कोणता दगड?" हर्षलने विचारलं.

"एकोनीस नंबर. तो माह्या काठावर होता. गव्हान हाये तिथं. मीच हलवला. अठ्ठावीस वर्षं झाले. गोठा बांधाले काढला तं दगड मधात आला. गोठा सरकारच्या जाग्यात जात होता. साखळी लावली, बैल जुंपले अन् वढला. वरचा अर्धा मोडून आला, बुड तिथंच राह्यलं. मंग मोडका तुकडा नाल्याच्या या काठावर आनून पुरला. तवा दोन्ही काठ माहेच होते. म्हनलं, माह्याच वावरातून माह्याच वावरात, कोनाचं काय जाते?"

आमचे हे अकरा पानं हातात धरून तसेच उभे. हर्षल हळू आवाजात म्हणाला, "बाबा, दगड तिकडे निघाला तर तुमचा गोठा पुरा आत येतो. समजतं ना?"

"समजते. मी शिकेल नाही, पन मले रेघ समजते." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हे बाई माह्या दारात आली. न विचारता आपलं पाप आपल्या तोंडानं सांगून गेली. अन् माह्या दगडानं तिचं घर जाऊन राह्यलं, तं मी गव्हानीपाशी मुका उभा राहू? सात दिस राह्यलो. आता नाही राहवत. चाला."

आम्ही सगळे नाल्यातून पलीकडे गेलो. पुष्पाबाईंनी म्हशी बाहेर काढल्या. शेषरावांनी स्वतः गव्हाण उकरली, कोणाला हात लावू दिला नाही. पहिला टिकास, दुसरा टिकास, काही नाही. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. म्हातारा माणूस, जागा विसरला असेल, बुड कुजलं असेल. दगड कधी कुजतो का! पण त्या वेळी मला काहीही पटलं असतं. हातभर खोलीवर सब्बल खणकन वाजली. चुन्यात घट्ट बसलेलं दगडाचं बुड निघालं. मदतनिसांनी अलीकडचा तुकडा उचलून आणला आणि त्यावर ठेवला. डब्यावर त्याच डब्याचं झाकण बसावं तसा बसला. एकोणीसमधल्या नवाचं शेपूट खालच्या तुकड्यावर होतं.

पुन्हा मोजणी झाली. चार वाजले. मी कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसले होते. फक्की घेतलेला मदतनीस या वेळी भिंतीच्या बाहेरून, बेशरमातून, पाण्याच्या कडेकडेने चालत गेला. माझ्या स्वयंपाकघरापासून एकतीस फुटांवर. हर्षल म्हणाला, "काकू, तुमचं घर मोकळं." जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला साठाव्या वर्षानंतर कळलं. मी पदर तोंडाला लावला नाही, काही नाही, भोकाड पसरून रडले. रडता रडता हसले. हे आत गेले आणि देवघराच्या भिंतीवर तळहात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला चुना लागला होता.

हर्षल कागद भरत होता. ह्यांनी घसा साफ करून विचारलं, "शेषरावांवर काही कारवाई?" हर्षलने फॉर्म वरखाली बघितला. "मूळ दगडाचं बुड कुठं आढळलं, हा रकाना आहे. वरचा तुकडा कुठं आढळला, तेही लिहीन. कोणी हलवला, असा रकाना माह्या फॉर्ममध्ये नाही." तो मुलगा कोणाचा आहे मला माहीत नाही. पण त्याच्या आईने त्याला चांगलं वाढवलं आहे. फक्त गोठ्याचं त्याच्या हातात काही नव्हतं. एका महिन्यात जागा मोकळी करावी लागणार होती.

संध्याकाळी मंडळ आलं. सगळंच्या सगळं! ज्याचा गुडघा दुखत होता तोही पायऱ्या चढून आला. गुरुजींच्या हातात पेढ्यांचा डबा. म्हणाले, "अभिनंदन! मंडळाच्या पाठपुराव्याला यश आलं. शिवाय गोठ्याचाही प्रश्न परस्पर सुटला."

माझं डोकंच फिरलं. पण माझ्याआधी आमचे हे बोलले. आयुष्यात पहिल्यांदा ते कागदाशिवाय बोलले. "शेषरावांची गुरं आमच्या मागच्या अंगणात येतील. स्वयंपाकघराच्या मागे. जागा आहे."

"अहो, पण ले-आउटमध्ये गुरं नाहीत, असा नियम आहे," गुरुजी म्हणाले. "तुम्हीच लिहिलेला."

"नियम सभासदाले आहे ना?" मी म्हटलं. "मंडळ ऐच्छिक आहे. मी आजपासून सभासद नाही. प्लॉट माह्या नावावर आहे. अन् गुरुजी, पेढे राहू द्या इथं. रविवारी पाळ झाडाले येता, तसे या रविवारी गोठ्याची टिनं उचलाले या. ज्याले वाटेल त्यानं यावं, कोणाले भाग पाडणं नाही."

हे सवयीने म्हणाले, "राजीनामा लेखी द्यावा..." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही दिला तरी चालेल."

खरी कटकट शेषरावांनी केली. ते ऐकेनातच. "मले कोनाचा उपकार नको, वहिनी. म्हशी इकून टाकीन." मी म्हटलं, "उपकार कोण करून राह्यलं? आम्हाले पिशवीचं दूध पचत नाही. खिडकीतून ताजं मिळंल. तुम्ही म्हशी विकल्या तं मी पुष्पाबाईशी बोलणं सोडीन." पुष्पाबाई पलीकडून म्हणाल्या, "अन् मी तुमच्याशी." मग कुठे ते कबूल झाले.

रविवारी अकरा जण आले. गुरुजी डोक्याला रुमाल बांधून आले आणि दोन माणसांचं काम एकट्याने केलं. त्यांनी ते मुद्दाम केलं, हे मला दिसत होतं. मीही मुद्दाम त्यांना चहात साखर जास्त घातली. दुपारपर्यंत गोठ्याची टिनं, खांब, गव्हाण, सगळं नाल्यातून अलीकडे आलं. पुरुषमंडळी मागच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत जेवायला बसली. आत पुष्पाबाई भाकरी थापत होत्या, मी शेकत होते. खिडकी उघडी होती. खिडकीखालीच शेषराव मांडी घालून बसले होते, पितळीत भाकर कुसकरून त्यावर पातळ वरण घेतलेलं. म्हशींचा वास आत येत होता. मी नाक मुरडलं नाही, असं म्हणणार नाही. पण खिडकी लावली नाही.

तेवढ्यात पाळेवरून जीपचा आवाज आला. खात्याची जीप, जागा खाली करायची नोटीस घेऊन आलेली. पुष्पाबाईंचा हात परातीत जागच्या जागी थांबला. भाकरी अर्धी थापलेली. त्या खिडकीतून नवऱ्याकडे बघायला लागल्या, श्वास रोखून.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. जीप फाटकाशी येऊन उभी राहिली. शेषरावांनी मान वळवून जीपकडे पाहिलं. मग पुन्हा पितळीत बघितलं, मोठा घास घेतला आणि निवांत चावत बसले.

पुष्पाबाई पिठाच्या हातांनीच डोळे पुसायला लागल्या. गालावर पिठाचे पट्टे उमटले. "वहिनी, अठ्ठावीस वर्षं... तलावावर कोनतीबी जीप आली का हा मानूस ताटावरून उठे अन् मागच्या दारानं वावरात जाये. रिकाम्या पोटी. पोरीच्या सोयरिकीच्या दिवशी बी उठला. पाव्हने तसेच बसून राह्यले. मी कोनाले काय सांगू? आज पह्यल्यांदा पाहून राह्यली मी. जीप दारात हाये, अन् हा जेवून राह्यला."

बाहेरून शेषरावांचा आवाज आला, तोंडात घास असतानाचा.

"पुष्पे, भाकर आन ना वं! अन् त्या जीपवाल्यालेबी जेवाले बोलाव."